दोन मिलिमीटरचा दिवा

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, उधन्याच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत चहाचा कप हातात घेऊन उभी होते. "गयात ते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ फोनवर त्यांच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत राहिला. मला रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची इतकी लाज वाटली की चहा तसाच बेसिनमध्ये ओतला. त्याला आता सहा आठवडे झाले. ते सुटल्यासारखं वाटणं काही टिकलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गेले ते सुकदेवभाऊ, वहिनींचे यजमान, राहणारे गोडादऱ्याचे. वडील धुळ्याकडून आलेले, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायचे. मुलगा इंजिनिअर झाला, ठिकठिकाणी नोकऱ्या केल्या, आणि पन्नाशी जवळ आल्यावर काडेपेटीएवढं यंत्र बनवायच्या नादाला लागला. दंडावर चिकटवायची डबी, तिच्या पोटाशी वेदनाशामक औषधाची पट्टी आणि आत बारीकसा सेल. बटण दाबलं की अगदी हलका करंट ते औषध कातडीतून आत ढकलतो. सुई नाही, सलाइनची नळी नाही. मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची निदान नळीतून तरी सुटका करायची, हा त्यांचा ध्यास. बाकीचे गुजराती वळणाने त्यांना सुखदेवभाई म्हणत, मी भाऊ म्हणायचे. माझे वडील बँकेच्या बदलीवर सुरतेला आले आणि इथेच राहिले. मी शिक्षण संपताच भाऊंच्या हाताखाली लागले. डबीचं डोकं, म्हणजे तिच्या आतला प्रोग्रॅम, माझ्याकडे होतं.

हट्टी तर इतके की विचारू नका. पट्टी आमच्या एसीच्या खोलीत दोन दिवस टिकली म्हणून आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, तर हे औषध नसलेल्या कोऱ्या पट्ट्या घेऊन वडिलांच्या जुन्या रंगखात्यात गेले आणि तिथे वाफेत राबणाऱ्या दहा जणांच्या दंडांवर चिकटवून आले. संध्याकाळपर्यंत एकही पट्टी जागेवर नव्हती. एकाची त्याच्या मोटारसायकलच्या टाकीवर सापडली, आणि तिथे मात्र ती आठवडाभर हलली नाही. "टाकी दुखत असती तर आपलं काम झालं होतं," हे वाक्य भाऊ पुढे वर्षभर पाहुण्यांना ऐकवत होते. त्या गोंदावर आम्ही नंतर दीड वर्ष घालवलं.

कुलुपावर मात्र ते कधी थट्टा करत नसत. एकदा औषध गेलं की ठरलेला वेळ संपेपर्यंत बटण मुकं, कितीही दाबा. कारण जास्त औषधाने श्वास थांबू शकतो. "दुखणाऱ्या माणसाला त्या वेळी शहाणपण सुचत नाही, ते आपण आधी सुचवून ठेवायचं," असं त्यांचं म्हणणं. ते कुलूप प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं. माझा आग्रह एवढाच होता की एक बारीक दिवा ठेवूया, म्हणजे किती वेळ उरला ते माणसाला कळेल. पण दिव्यामुळे डबी दोन मिलिमीटर जाड होत होती, आणि त्या दोन मिलिमीटरवरून आम्ही महिनाभर भांडलो. जाड डबी शर्टाखाली दिसते, लोक चौकशा करतात. शिवाय दिवा ठेवला की माणूस दिवसभर दिव्याकडेच बघत बसेल, असं ते म्हणाले. शेवटी दिवा मी आराखड्यातून काढला. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

मग त्यांच्याच मणक्यात गाठ निघाली... आमच्या डबीची चाचणी तेव्हा एका रुग्णालयात सुरू होती, डॉक्टरांनी रीतसर कागद करून त्यांनाही तिच्यात घेतलं. शेवटचे दिवस ते घरीच होते, वरच्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत. लोखंडी जिना इतका उभा की त्यांना खाली न्यायचं तर चार माणसं लागत. त्यामुळे कुणी नेत नसे. उन्हासाठी खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. डबी नीट चालते आहे ना हे बघायला मी लॅपटॉप घेऊन गेले. "सकायपासीन काहीच खादं नही त्यास्नी," वहिनी दारातच म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

भाऊ म्हणाले, "मी चुकलो गं. दिवा पाहिजे होता. हे दाबलं की काहीच होत नाही... पाच मिनिटं राहिली का तासभर, कळत नाही. आपल्याला कोंडून घातलंय आणि आपण दार वाजवतोय, असं वाटतं. बाहेरून कुणी नुसतं 'थांब' म्हणालं तरी चाललं असतं." त्यांची नजर माझ्या लॅपटॉपकडे गेली. "कुलूप तूच लावलंय ना? लॅपटॉप आणलाय. काढून टाक."

दोन मिनिटांचं काम होतं. मी जिन्यावर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, याहून जास्त देता येणार नाही, श्वास आधीच मंद झालाय. बाकी जे देण्यासारखं आहे ते सगळं चालू आहे. फोन ठेवला तरी मी तिथेच उभी. खाली रस्ता होता, वर खोली होती, आणि मला दोन्हीकडे जाववत नव्हतं. आत आले तेव्हा माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना समजलं. "राहू दे," ते म्हणाले, "तुझ्या जागी मीही काढलं नसतं. बस." आणि मग ते तासभर बोलत राहिले. पट्टीच्या कडा गोल कराव्यात का, नवा गोंद कुठून मागवावा, आणि अर्थातच तो टाकीचा किस्सा, त्या मोटारसायकलवाल्याची नक्कल करून. चादर गळ्यापर्यंत ओढलेली, चेहरा हसरा. मीही पोटभर हसले. आपल्याला माफ केलं गेलं आहे असं मला वाटलं.

सहा दिवसांनी ते गेले. नव्या आराखड्यात आम्ही दिवा घेतला आहे. डबी जाड झाली, कुणी हरकत घेतली नाही. भाऊंची डबी रुग्णालयाकडून माझ्याकडे परत आली, पण ती लॅपटॉपला जोडायचा धीर मला होत नव्हता. बटण दाबलं की दर वेळी ती वेळ आत साठवली जाते, औषध मिळालेलं असो वा नसो. गेल्या आठवड्यात शेवटी जोडली. शेवटच्या दिवसांच्या नोंदी मी बघितल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर बसले होते, तो एक तास तेवढा उघडला. पडदा भरून ओळी आल्या, आणखी खाली सरकवलं तरी ओळीच होत्या. त्यांतल्या एकाच वेळी औषध गेलं होतं. गोंदाबद्दल बोलताना, नक्कल करताना, मी हसत होते तेव्हा, त्यांचा अंगठा चादरीखाली थांबलाच नव्हता. निघताना मी म्हणाले होते, "भाऊ, आज बरे दिसताय." आणि ते "हो" म्हणाले होते.