किरण परत गेले होते

"गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पण बरा होण्यासारखा आहे," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. माझी बायको सुमन माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे.

बाहेरून रेडिएशन देऊन झालं आणि ब्रॅकीथेरपी ठरली. म्हणजे आतून दिलेले किरण. शरीरात पोकळ नळ्या बसवतात. यंत्रातला किरणोत्सारी कण तारेनं नळीत जातो, ठरलेला वेळ थांबतो आणि परत यंत्रात येतो. मी अड्याळचा विणकर, मागावर इकडून तिकडे धोटा फेकणारा. "धोट्यासारखा?" मी विचारलं.

सिस्टर हसल्या. "तसाच. फक्त हा मागे धागा सोडत नाही."

नळ्या हलू नयेत म्हणून सुमनला उताणं पडून राहायचं होतं. सिस्टरनं लघवीची नळी तपासली, दुखतं का विचारलं, मग सगळ्यांना बाहेर काढून जाड दार लावलं. बाहेरच्या पडद्यावर सुमन दिसत होती.

"मावशी, पाय हलवू नका," सिस्टर स्पीकरवरून म्हणाल्या.

"नाही हलवत. नाकाले खाज सुटली, ते तरी खाजवू का?"

उपचार संपल्यावर आधी किरण मोजायचं मीटर आत गेलं, मग आम्ही.

तिथेच बाकावर, थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या एका माणसाला दिलेल्या सूचना मी ऐकल्या. काही दिवस गरोदर बाईपासून, लहान मुलांपासून लांब राहा, ताट वेगळं ठेवा. मला वाटलं, किरण ते किरण.

घरी येताच मी गरोदर सुनेला लाखांदूरला माहेरी पाठवलं. सुमनचं ताट वेगळं केलं, खाट पडवीत टाकली. ती घाबरेल म्हणून कारण सांगितलं नाही. तिला लागट, जवळ गेलं की होणारा रोग झाल्याचं गावात पसरलं. तेही मी खोडलं नाही.

पुढच्या तपासणीत सिस्टरनं विचारलं, "मावशी, वजन का उतरलं?"

"एकटीले घास जात नाही जी."

मग मला सगळं सांगावंच लागलं.

"काका, आयोडीन काही दिवस अंगात राहतं, म्हणून ते नियम. मावशींच्या अंगात काहीच उरलं नाही. मला विचारायचं ना!"

तुमच्या घरी कुणाला असे किरण दिले तर एवढं नक्की विचारा: ते आत राहतात की परत येतात? पथ्य त्यावर ठरतं.

परतीच्या एसटीत आमच्या गावचे बरेच लोक होते. सुमन माझ्याकडे वळली. "मले वाटलं, तुमाले माही किळस येऊन राहिली."

"भेव वाटत होतं," मी म्हणालो.

"मंग सांगाचं होतं!" तिनं माझा फोन घेतला आणि सुनेला लावला. "पोरी, ये घरी. मले लागट काहीच नोतं. तुह्या सासऱ्यानं दुसऱ्याचं पथ्य मले लावलं होतं."

आवाज तिचा आधीपासूनच मोठा. सगळ्या बसनं ऐकलं. मी तिला हळू बोल म्हणालो नाही.