रंगनाथ शिंप्याची हॉकी

बोरी गावच्या पोरांना हॉकी शिकवली ती रंगनाथ शिंप्यानं. निजामाच्या काळात परभणीत शिपायांचा खेळ त्यानं लांबून, भिंतीवरून पाहिला होता. तेवढ्या भांडवलावर त्यानं बाभळीच्या वाकड्या फांद्या तोडून पोरांच्या हाती दिल्या.

१९७४ साली एका गिरणीच्या संघाचं शिबिर परभणीत भरलं. त्याच्या भाच्याला, मुंजाजीला, राखीव खेळाडू म्हणून बोलावणं आलं. संघात घेतलं तर गिरणीत नोकरी पक्की होती. रंगनाथ दुकान बंद ठेवून बघायला गेला.

मुंजाजीनं दोघांना चकवलं आणि शिट्टी वाजली. पुन्हा चेंडू घेतला, पुन्हा शिट्टी.

"गोल बाजूनं मारायचं नसतं," प्रशिक्षक ओरडले. "फक्त सपाट बाजू. कोणी शिकवलं तुला?"

"धोपाटणं घेऊन कापडं धुवायला आलाय," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

भिंतीवरून रंगनाथला काठीच्या बाजू दिसल्याच नव्हत्या. बाभळीची काठी तर सगळीकडून गोलच.

मुंजाजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "कुणी न्हाई, सर. चार दिस झाले, ही खोड माझी मीच लावून घेतली."

हे रंगनाथला सोसेना. तो मैदानात गेला. "साहेब, चूक माझी हाय. लहानपणापास्नं मीच शिकवलंय. पोरगं लय गुणी हाय."

"लहानपणापासून?" प्रशिक्षकांनी मान हलवली. "मग ही सवय आता सुटायची नाही. घेऊन जा त्याला."

फाटकाबाहेर मुंजाजी हळूच म्हणाला, "मामा, तुमी गप बसले असते तर उद्या सपाट बाजूनं खेळलो असतो की मी."