दुधी काचेची खरबरीत बाजू

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘फोकसराव’ म्हणतात. उभा जन्म टेबलावरच्या वस्तूंचे फोटो काढण्यात गेला: घड्याळं, अत्तराच्या बाटल्या, बुटांचे जोड. माणसांचे फोटो काढा म्हटलं की नाक मुरडतात. “माणसं हलतात,” म्हणतात. आमच्या लग्नाच्या फोटोत हललेले हे एकटेच, हा भाग वेगळा.

कॅमेरा लाकडी, भात्याचा, आमच्या संसाराहून जुना. मागे दुधी काच. डोक्यावर काळं फडकं घेऊन काचेवरचं उलटं चित्र स्पष्ट करायचं, मग काचेच्या जागी फिल्म सरकवायची. फिल्म मिळेनाशी झाली तेव्हा मी म्हटलं, झालं, भाता आता चूल फुंकायला घेऊ. हे कसले ऐकताहेत! फिल्मऐवजी चित्र टिपणारा एक जुना डिजिटल बॅक कुठूनसा मिळवला आणि दोन महिने कानस घेऊन बसले. मागे बसवायला एक सरकती पाटी केली. तिच्या एका खिडकीत काच, दुसरीत बॅक. काचेवर बघायचं, पाटी सरकवायची, फोटो घ्यायचा. दोन्ही अगदी एका पातळीत हवेत, केसाइतकाही फरक चालत नाही. पहिल्याच फोटोत घड्याळाच्या काट्यावरचा ओरखडा दिसला, तेव्हा मला हाताला धरून नेऊन दाखवला.

आठ दिवसांनी सगळे फोटो पुसट येऊ लागले.

पहिल्या दिवशी चिडले. दुसऱ्या दिवशी गप्प झाले. त्या दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, एक डोळा झाकून, समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे पुटपुटत होते. मग दुसरा डोळा झाकला. सासऱ्यांची नजर ह्याच वयात गेली होती. ते घड्याळं दुरुस्त करायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते दुकानात नुसते बसून घड्याळ कानाला लावायचे. मला त्यांनी आवाजावरूनच ओळखलं, शेवटपर्यंत.

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या,” मी म्हटलं.

“जाऊ गं. घाई काय आहे?”

घाबरलेला माणूस असंच बोलतो. तिसऱ्या दिवशी जिना चढताना पायऱ्या मोजत होते. एकोणीस. इतक्या वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या. जेवताना घास हातात धरून माझ्याकडे बघत बसले.

“काय बघताय? तोंडाला काही लागलंय का?”

“नाही गं. जेव तू.”

मी ताट बाजूला सारलं.

चौथ्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरलं. “सरका, मला बघू दे,” म्हणत मीच फडक्याखाली शिरले. काट्याचं टोक लख्ख दिसत होतं.

“मलाही तसंच वाटतं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पण ते तसं नसतं.”

“घ्या फोटो.”

घेतला. पुसट.

“अहो, मी अजून बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते. दोघांचे डोळे एकदम कसे जातील?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. आणि मला सोमवार आठवला.

“ती काच मी धुतली होती,” मी म्हटलं. “बोटांचे डाग होते. सोमवारी, तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा.”

“बसवताना खरबरीत बाजू कुठे केलीस?”

“बाहेर. आत धूळ धरेल म्हणून.”

चित्र उमटतं ते खरबरीत बाजूवर, म्हणून ती भिंगाकडेच हवी. माझ्या स्वच्छतेपायी ती काचेच्या जाडीइतकी मागे गेली होती, आणि आम्ही दोघं चुकीच्या जागी नेमकं बघत होतो. त्यांनी काच फिरवून बसवली, पुन्हा फोटो घेतला. काट्यावरचा ओरखडा जिथल्या तिथे होता.

ते स्टुलावर बसले. मी ओरडा खायची तयारी केली.

“बोला की! चार दिवस जिवाला घोर लावला मी. आणि माझ्याकडे ते काय टकामका बघत होतात?”

“बघून ठेवत होतो,” ते म्हणाले. “बाबांना तुझा चेहरा कधी ठाऊकच झाला नाही. मला निदान आठवायला हवा होता.”

त्यांनी टेबलावरचं घड्याळ बाजूला ठेवलं, मला तिथे खुर्चीवर बसवलं आणि काळं फडकं डोक्यावर घेतलं.

“हलू नकोस,” आतून आवाज आला.

मी कुठली हलतेय! फडकंच थरथरत होतं.