सदतिसावा अंगठा

फायनलमध्ये स्ट्रक्चर शॉपच्या टीमवर झालेला एकुलता एक गोल लोकोवाल्यांच्या लेफ्ट-आउटनं मारला आणि आपल्या गुलाब गजभियेनं खाल्ला, असं सगळी भिलाई आजवर मानत आली. खरं तर तो गोल टाइमकीपर दयाराम कापगतेनं केला, आणि तोही तोंडानं.

मॅच बघायची दयारामची जागा ठरलेली होती. आपल्या गोलाच्या मागं, डाव्या खांबापासून दोन पावलं. हाफटाइमला टीमनं बाजू बदलली की तोही छत्री, डबा आणि मतं गोळा करून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाई. त्या दिवशी शेवटची पाच मिनिटं उरलेली, वाऱ्यानं मुरमाची लाल धूळ उठली, म्हणून दयारामनं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला. नेमका तेव्हाच लेफ्ट-आउटनं चेंडू उंच टाकला. बिनचष्म्याच्या दयारामला आकाशात एक अस्पष्ट मोसंबं दिसलं, आणि ते बाहेर चाललं आहे अशी त्याची पक्की खात्री झाली.

"सोड, गुलाब, सोड! बाहेर चालला!"

गुलाबनं वर नेलेले हात खाली घेतले. चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला टेकला आणि संध्याकाळी आपल्या गोठ्यात शिरणाऱ्या म्हशीसारखा निवांत आत आला.

गुलाबनं मागं वळून पाहिलं. जाळीपलीकडे दयाराम उभा, चष्मा अजून हातात. नजरेला नजर भिडली. दयारामनं चष्मा नाकावर चढवला आणि सगळ्या मैदानाच्या आधी तोच ओरडला, "अरेरे गुलाब, काय केलं बाबा हे!"

हे वाक्य पुढं त्याला जेवताना आठवे, हजेरी मांडताना आठवे आणि एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याला, पानावर बसल्याबसल्या आठवलं. तेव्हा त्यानं अशी मान खाली घातली, की मंडळींना वाटलं, जावई फार हळवा आहे.

गुलाब गजभिये हा गडी पवनीकडचा. सत्तावन्न साली, पोलाद कारखाना उभा राहायच्या आधी, इथं तंबू, खड्डे आणि मुरूम यांच्याखेरीज काही नव्हतं, तेव्हा तो आला आणि रिवेट झेलायच्या कामाला लागला. काम असं, की खाली भट्टीवाला रिवेट लालभडक तापवणार, चिमट्यानं वर भिरकावणार, आणि साठ फुटांवर गर्डरवर उभ्या गुलाबनं ती पत्र्याच्या नरसाळ्यात झेलायची. एकदा नरसाळ्याच्या काठाला लागून एक रिवेट उडाली. खाली माणसं काम करत होती. गुलाबनं ती उघड्या हातानं दाबून धरली. माणसं वाचली आणि त्याच्या डाव्या अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ उमटली ती कायमची.

"जो जलता रिवेट नहीं छोड़ता, वो चमड़े का बॉल क्या छोड़ेगा?" असं म्हणून फोरमनसाहेबांनी त्याला गोलात उभं केलं. तोवर गुलाबनं फुटबॉल लांबूनही पाहिला नव्हता. पहिल्या मॅचला त्यानं चेंडू झेलला, अलगद जमिनीवर ठेवला आणि भाजेल म्हणून दोन पावलं मागं सरला. कडेला बसलेला एक रशियन इंजिनिअर हसता हसता खुर्चीवरून पडला. पण त्यानंतर तीन वर्षं स्ट्रक्चर शॉपच्या गोलात चेंडू जाणं अवघड झालं.

टीमवाल्यांना एक सुख होतं. त्यांना पाळ्या नसत. जनरल ड्यूटी आणि रविवार मोकळा.

आता दयारामचं सांगायला हवं. साकोलीकडच्या शेतकरी घरातला मॅट्रिक झालेला माणूस. अक्षर असं, की साहेब लोक आपली रजेची चिठ्ठीसुद्धा त्याच्याकडून लिहून घेत. टाइम ऑफिसच्या खिडकीत तो बसे. हजेरीशिवाय साबण, हातमोजे, बूट वाटायचं कामही त्याच्याकडेच. टेबलावर उजव्या हाताला पेन, डाव्या हाताला अंगठ्याचं शाईचं पॅड. खिडकीत माणूस आला की दयाराम मान वर करून एकदाच बघे आणि पेन किंवा पॅड पुढं सरकवे. कुणाला कधी विचारत नसे. "चार वर्सांत माह्या हात चुकला नाही," असं तो सगळ्यांना सांगे. बायकोलाही सांगून झालं होतं. ती म्हणाली होती, "मंग त्यात काय मोठं?"

होळी झाली की भिलाईत फुटबॉल बंद. पाऊस पडेपर्यंत मैदान तव्यासारखं तापलेलं, त्यामुळे त्या तीन महिन्यांत फक्त मतं खेळत. मतांचं मैदान म्हणजे सुपेला बाजारातलं भैयालालचं चहाचं दुकान. नव्या सीझनची यादी कमिटी मृगाच्या आधी बोर्डावर लावी, पण भैयालालच्या बाकावर ती रोज लागे आणि रोज फाटे. कॅप्टनचे गुडघे गेले, त्याला काढा. राइट-आउट वारा पाठीशी असला तरच पळतो, त्याला उन्हाळ्यात विका. पुंडलिक वेल्डरचं म्हणणं, पाचही फॉरवर्ड बदला, फक्त आपला मेहुणा ठेवा. भैयालालचं म्हणणं, खेळाडू सगळे ठेवा आणि मैदान बदला.

क्रेनवाला ओमप्रकाश कानपूरकडचा. त्याचा आवाज क्रेनच्या भोंग्याला भारी. त्यानं बातमी आणली, "कलकत्ते का गोलकीपर आने को तैयार है. लेकिन जगह एक ही है. गुलाब जाए तो वो आए."

"गुलाबनं तीन वर्सं सांभाळलं नं," कुणीतरी पुटपुटलं.

"और फाइनल में? हाथ नीचे करके खड़ा हो गया, जैसे साहब को सलामी दे रहा हो! दयारामबाबू तो पीछे ही थे. बोलो बाबू, पकड़ने लायक था कि नहीं?"

सगळा बाक दयारामकडे वळला. खरं बोलायला अगदी हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. लोक हसले असते, आठवडाभर चिडवलं असतं, संपलं असतं. दयारामनं भजं चहात बुडवलं. भजं चहात कुणी बुडवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा ते विरघळलं होतं.

"तसा... पकडता आला असता," तो म्हणाला.

"सुना? अब अर्जी लिखो. आपके जैसा हैंडराइटिंग किसका है?"

अक्षराची कुणी तारीफ केली की दयारामचं पाणी होई. त्यानं तिथंच हिंदीत अर्जी लिहिली. सविनय निवेदन है कि वर्तमान गोलकीपर गुलाब गजभिये अब इस पद के अयोग्य हैं, इत्यादी. "अयोग्य" लिहिताना त्यानं "ग्य" असा काही वळवला, की ओमप्रकाश "वाह" म्हणाला. त्या "वाह"ची लाज वाटायला दयारामला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी अर्जी त्याच्याच टेबलावर, मस्टरखाली. ज्याला पटेल त्यानं सही करावी किंवा अंगठा लावावा. दुपारपर्यंत छत्तीस झाले. मान वर न करता दयारामनं "चला, पुढं," म्हटलं आणि खिडकीत गुलाब उभा.

"हातमोजे पाह्यजे होते बाबू. हे फाटले." मग त्याचं लक्ष कागदाकडं गेलं. "हे काय होय? सारे अंगठे लावून राहिले."

दयाराम मस्टरची पानं उगाच चाळायला लागला. "टीमचं हाय. पब्लिकची अर्जी होय... टीमच्या भल्यासाठी."

"असं?"

गुलाब कागदावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. वाचता न येणारी माणसं कागदाला असाच मान देतात, हे दयारामला चार वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. आता कागद ओढून घ्यावा, फाडावा, गिळावा, असं त्याच्या मनात आलं. पण मन एक करत असताना हात सवयीनं दुसरंच करून बसला. पॅड पुढं सरकलं.

गुलाबनं पॅडकडे पाहिलं. मग दयारामकडे पाहिलं. मग डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, हातमोजे घेतले आणि गेला.

सदतिसावा अंगठा. मधोमध आडवी पांढरी रेघ. खाली नाव लिहायचं काम दयारामचंच होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचं अक्षर बिघडलं.

माणसाला त्याच्याच शिक्षेवर आपण अंगठा लावायला लावला, ही गोष्ट पचायला जड होती. चार दिवस दयाराम नीट जेवला नाही. यादी लागायला दहा दिवस होते. कमिटीच्या सेक्रेटरीकडे जाऊन "तो गोल माझा" म्हटलं असतं, तर गुलाबची जागा राहिली असती. पण आधी गुलाबला सांगावं, मग दोघांनी मिळून जावं, असं ठरवून तो रविवारी दुपारी सेक्टर दोनमधल्या त्याच्या क्वार्टरवर गेला.

दार गुलाबच्या बायकोनं, शेवंतानं उघडलं. "या बाबूजी, बसा. हे येतीलच आता. रविवारचे जरा बाहेर असतेत."

समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा. दयारामनं पाहिलं, घरात एकच लेक, तीही पाळण्यात. पाटी कुणाची, हा प्रश्न त्याच्या मनात आला, पण त्याच्या डोक्यात त्या दिवशी प्रश्नांची गर्दी फार होती. तो प्रश्न मागच्या रांगेत जाऊन बसला.

शेवंता चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुमचं लई नाव घेतेत हे. म्हणतेत, गोलामागं दयारामबाबूचा आवाज आला का धीर येते."

दयारामनं बशीत तोंड घातलं.

"टीममंदी हायेत म्हणून आमाले रविवार भेटते पाहा. पाळीवर असते तं कायचा रविवार?"

एवढ्यात गुलाब आला. घामेजलेला, खुशीत. "बाबू! तुमी आमच्या घरी?"

"हो... इकडं आलो होतो, म्हटलं पाहावं..." दयारामनं घसा साफ केला. अजून एकदा केला. "हातमोजे बराबर बसले नं?"

"बसले."

"मोठे वाटले तं बदलून घे."

"बराबर हायेत बाबू."

हातमोज्यांवर पाव तास बोलून, साखर जरा जास्त पडलेला दुसरा चहा घेऊन दयाराम उठला. रस्त्यात त्यानं स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की समोरून येणाऱ्या मैनाबाई भाजीवालीनं टोपली दुसऱ्या बाजूला घेतली. सेक्रेटरीकडेही तो गेला नाही. गुलाबला सांगितल्याशिवाय जाणं बरं नव्हे, असं त्यानं मनाला समजावलं, आणि मनानंही सोयीचं म्हणून ते मान्य केलं.

यादी लागली. गुलाब गजभियेच्या जागी कलकत्त्याचं नाव. भैयालालच्या दुकानात ओमप्रकाशनं सगळ्यांना जलेबी वाटली. दयारामच्या हातातली जलेबी हातातच चिकटून राहिली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खिडकीत गुलाब आला. हातात धुऊन घडी केलेली हिरवी जर्सी, वर बूट, बुटांत मोजे गुंडाळलेले.

"टीमचं सामान जमा करायचं होतं. परवापासून दुपारची बी शिफ्ट लागली."

दयारामनं पावती लिहिली. जर्सी एक, बूट एक जोड, मोजे एक जोड. मान वर करायची हिंमत नव्हती. डाव्या हातानं, पुन्हा त्याला न विचारता, पॅड पुढं सरकवलं.

गुलाबनं पॅडला हात लावला नाही. त्यानं टेबलाच्या उजव्या बाजूचं पेन उचललं, टोपण मागं खोचलं आणि सावकाश लिहायला लागला. एकेक अक्षर रिवेट ठोकावी तसं आपापल्या जागी बसत गेलं. शेवटी गर्डर चढवावा तशी वरची रेघ एका दमात ओढली. गुलाब सखाराम गजभिये.

"तुले... सही येते?"

"आता दोन वर्सं झाले. रविवारचा वर्ग असते आमचा, सेक्टर दोनमंदी. आता बी शिफ्टमंदी कसं जमते पाहू."

दयारामच्या डोळ्यांसमोर फळीवरची पाटी आली, आणि त्या दिवशी कागदावर वाकलेली मान.

"मग ते... ते अर्जी..."

"वाचली नं. अक्षर मोत्यावानी हाय तुमचं. 'अयोग्य'मंदी अडकलो जरासा, मंग लागलं."

मागं रांगेत तीन माणसं उभी होती. आता रांग असो, नसो, दयाराम म्हणाला, "गुलाब, त्या दिवशी 'सोड' म्हणून मीच ओरडलो होतो."

"माईत हाय. तुमचा आवाज मी वळखत नाही का?" गुलाबच्या बोलण्यात राग नव्हता, हेच जास्त लागत होतं. "पन वर रिवेट झेलताना कोनी 'सोड' म्हनलं तं सोडन का मी? जो गोलकीपर बाहेरच्याचं आयकून हात खाली घेते, त्याले काढलाच पाह्यजे. माह्यंबी मत थेच होतं. म्हणून लावला अंगठा."

दयारामला वाटलं, यानं आई-बहिणीवरून दोन हासडल्या असत्या तर आपण सुखानं घरी गेलो असतो. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत चढवला. आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडून "तुमी" आलं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"पण गुलाबभाऊ, लिहिता येत होतं, तं सही करायची नं. अंगठा कावून लावला तुमी?"

गुलाबनं पेनाला टोपण घातलं आणि ते उजव्या बाजूला, होतं तिथं नीट ठेवलं.

"तुमी पॅड पुढं केलं होतं, बाबू, पेन नाही."