एकदाच वाजव

साहेबानं खिळ्यावरची हलगी काढली आणि माझ्या छातीला टेकवली. "घे. वाजव. तुम्हा मांगांच्या रक्तातच असते."

मराठीत म्हणाला. माणूस जर्मन, पण उमेदीची सगळी वर्षं नगरकडं मिशनमध्ये काढलेली. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी आला आणि हायडेलबर्गजवळ मिशनचं घर चालवू लागला. पुढं मलाही बोलावून घेतलं. मी बॉयलरमध्ये कोळसा घालायचो, बाग बघायचो. पन्नास सालानंतरची गोष्ट. खोलीत आणखी जर्मन होते. त्यांना शब्द कळले नाहीत, पण हसायचं कुठं ते बरोबर कळलं.

हलगी माझ्या बापाची होती.

बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी बापानं ती साहेबासमोर ठेवली. म्हणाला, आता देवीपुढं वाजवणं नाही. साहेबानं ती समुद्रापार नेली, भिंतीला टांगली, खाली पितळी पट्टी ठोकली. पट्टीवर काय लिहिलंय ते मला वाचता येईना. तिसरी शिकलेला माणूस मी, तीही मराठी. कुणाला विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही.

मिशनच्या सणाचं नाटक होतं. पहिल्या ख्रिस्ती लोकांचं. रोमचा सुभेदार एका पोरीला म्हणतो, राजाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाक, सोडतो. ती टाकत नाही. मग तिला सिंहांकडं नेतात आणि मूर्तीपुढं एक काळा गुलाम ढोल बडवतो. तो गुलाम मी. रक्तसाक्षी, म्हणजे धर्मापायी जीव देणारी, व्हायला पाववाल्याची पिवळ्या केसांची पोरगी. मी म्हणालो, साहेब, ख्रिस्ती मीपण आहे, मला त्यांच्यात उभं करा.

"तिथं तू शोभशील का रे?"

बापाचं सांगतो, नाहीतर एवढं काय त्यात, असं वाटेल.

बाप्तिस्म्यानंतर पहिली जत्रा आली. पाटील दुसरी हलगी घेऊन मांगवाड्याच्या तोंडाशी आला. "एकदाच वाजव. मनात तुझा येशू ठेव की. मन कोण बघतंय?"

बाप म्हणाला, "मी बघतो."

गावानं बलुतं तोडलं. विहिरीवर वरून पाणी वाढायचे, ते बंद केलं. आम्ही ओढ्याच्या डबक्यातलं प्यायलो. धाकटी बहीण सारू. तिला जुलाब-ओकाऱ्या लागल्या. मी बापाच्या धोतराला धरून म्हणालो, बा, वाजव ना एकदाच. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सारू गेली. पुरून आलो तेव्हा मी त्याच्या तोंडावर म्हणालो, तू मारलीस. पोर होतो. पण शब्द तर गेला. त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. जर्मनीला निघालो तेव्हाही मी त्याच्या पाया पडलो नाही.

साहेब ही गोष्ट जर्मन मंडळीत प्रवचनात सांगायचा. पाटील सांगायचा, डबकं सांगायचा, सारू सांगायचा. बाया रुमाल काढायच्या. आणि त्याच साहेबानं हलगी माझ्या हातात दिली.

मी वाजवली.

शनिवारी, मिशनच्या घरातच. कुणी मारत नव्हतं, पाणी बंद नव्हतं. ऊबदार खोली होती, पोटभर जेवण होतं, ते सुटेल एवढीच भीती. शेगडीवर कातडं तापवलं, गळ्यात अडकवली. रक्तात काही नव्हतं हो. मला येतच नव्हती. बापानं शिकवायच्या आत सोडलेली. काड्या घेऊन कशीतरी बडवली. टाळ्या पडल्या. नंतर एका बाईनं माझ्या गालावर बोट घासून बघितलं, रंग निघतो का ते. मी हसलो. वाजवण्यापेक्षा ते हसणं मला जास्त डाचतं.

रविवारी तोच खेळ हायडेलबर्गला, मोठ्या सभागृहात. पडद्यामागं मी साहेबाला म्हणालो, आज नको. त्याला घाई होती.

"अरे, नाटक आहे. मनात येशू ठेव की. मन कोण बघतंय?"

पाटलाचे शब्द. प्रवचनात इतक्यांदा बोलला होता की त्याच्याच तोंडात बसले होते. त्याला कळलंही नाही. मला कळलं. उशिरा, पण कळलं.

"मी बघतो," म्हणालो.

हलगी खुर्चीवर ठेवली. पडदा सरकला तसा जाऊन त्या पोरीशेजारी, ख्रिस्ती लोकांच्या रांगेत गुडघे टेकले. शोभतो का, विचारलं नाही. ढोल वाजेना. सुभेदार झालेला मास्तर आत-बाहेर बघत राहिला. पोरगी हळूच बाजूला सरकली. जागा दिली का लांब गेली, अजून ठाऊक नाही.

सोमवारी साहेबानं बोलावलं. चेहरा मवाळ. "तुला मी माफ केलं. राहा इथंच."

म्हणालो, तुमची माफी तुमच्यापाशी ठेवा. पेटी उचलली, त्सुफेनहाउझेन नावाच्या गावाला गेलो, ओतकामाच्या कारखान्यात लागलो. हलगी आणली नाही. बापानं टाकलेली वस्तू मी कशाला उचलू?

गावाकडं जायचं, बापाला सांगायचं, असं ठरवत होतो. सुट्टी मिळायच्या आत तो गेला. पाणी गावानं तोडलं, सारूला गावानं मारलं. हे मला त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं. आता कुणाला म्हणू?

परवा इथल्या चर्चचा पाळक घरी आला. तरुण, चांगला माणूस. म्हणाला, आजोबा, तुमच्या वडिलांची साक्ष उपासनेत सांगा, पोरांना कळू दे विश्वास काय असतो. म्हटलं, सांगतो, पण शनिवारही सांगणार. तो म्हणाला, तेवढं वगळलं तर बरं, पोरांचा गोंधळ होईल.

वगळणार नाही. बापाचं बळ माझ्या नावावर लावून मला पुढच्या बाकावर बसवायला निघालेत. मी बसणार नाही. सांगीन तर सगळं सांगीन. ऐकायचं नसेल तर देवळाला कुलूप लावा, मी पायरीवर उभा राहून सांगतो.