छापून गेलेला नंबर

पेडण्याच्या मामलेदार कचेरीबाहेर अर्ज लिहिण्याच्या माझ्या प्रदीर्घ सेवेत नाना तऱ्हेचे पक्षकार आले. परंतु पार्से गावचा तो मूर्तिकार अद्वितीय होता. त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रसिद्धीची बाधा त्याला आधीच झालेली होती.

चतुर्थी तोंडावर आली तरी त्याच्या चित्रशाळेतील गणपतींना गिऱ्हाईक नव्हते. कारण उघड होते. त्याच्या वेबसाइटच्या संपर्क पानावर घरच्या जुन्या टेलिफोनचा नंबर होता, आणि मोबाइल घेतल्यावर तो टेलिफोन त्याने स्वतःच बंद करवला होता. आता टेलिफोन कचेरीला अर्ज हवा होता की, तोच नंबर तातडीने पुन्हा चालू करावा.

"गृहस्था, पानावर मोबाइलचा नंबर घाला. पाच मिनिटांचे काम," असा सल्ला मी विनामूल्य दिला.

सोनेरी रंगाने माखलेले बोट त्याने माझ्या कोऱ्या कागदावर ठेवले. "भाऊ, नंबर जगभर छापून गेलोहा. आता फोनच परत येवक व्हयो."

तेवढ्यात दाखल्याच्या रांगेतली एक बाई वळली. "पार्सेची चित्रशाळा? ती तुमची? कितके फोन केले, एकय लागलो नाय! शेवटी काल म्हापशाक मूर्ती सांगून इलंय."

मला वाटले, आता तरी हा शरमेल. पण गिऱ्हाईक गेल्याच्या दुःखापेक्षा गाऱ्हाणे खरे ठरल्याचा आनंद काहींना मोठा असतो. तो प्रसन्न मुद्रेने माझ्याकडे झुकला.

"भाऊ, बायचा नाव अर्जात घाला. साक्षीदार गावलो!"