फ्लेक्सवरचा मोठा फोटो

तळेगाव ढमढेऱ्यात बारशापासून दहाव्यापर्यंत कसलाही फोटो लागला, की लोक संपत टेमगिऱ्याकडं जातात. त्याचा स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीला चिकटलेली एक खोली. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की संपतला कॅमेरा घेऊन दारात उभं राहावं लागतं, आणि सोबत कुणी आलं असेल तर त्यानं रस्त्यावर थांबायचं. गिरणी चालू झाली की भिंत थरथरते. मग संपत "जरा ज्वारी होऊ द्या" म्हणतो आणि लोकही बिनतक्रार थांबतात. इतकी वर्षं या खोलीचं त्याला काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते नवनाथमुळं.

नवनाथ शितोळे त्याच्याच हाताखाली तयार झालेला. लग्नात लाइट धरायचा, नवरीच्या रुसलेल्या मावशांना स्टेजवर आणून उभं करायचा. पुढं त्यानं दौंडला स्वतःचा स्टुडिओ काढला आणि रोज सकाळी त्याचा फोटो स्टेटसला टाकायला सुरुवात केली. आज सोफा, उद्या एसी, परवा झोपाळा. संपत उद्घाटनाला गेला नव्हता, कारण त्या दिवशी त्याच्या पोटात दुखत होतं. दुखणं खरं होतं, फक्त डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. स्टेटस मात्र तो चुकवत नसे. आपलं नाव पाहणाऱ्यांत दिसू नये म्हणून ते बायकोच्या, सारिकाच्या फोनवरून बघे. त्यामुळं सारिकावहिनींना आपल्या कामाचं भारी कौतुक आहे, असा नवनाथचा समज होऊन बसला होता.

अशात शिरूर-दौंडच्या फोटोग्राफर संघटनेनं ठरवलं, की फोटोग्राफी दिनाला न्हावरे फाट्यावर मोठा फ्लेक्स लावायचा. आता फ्लेक्सवर एकाचाच फोटो मोठा असतो आणि बाकीचे खाली गोलात, हे इकडं शाळेतल्या पोरालाही कळतं. संपतचं सगळं आयुष्य गोलात गेलं होतं. मागच्या साली कुणी कुणाचा फोटो मुद्दाम वाईट काढला यावरून गचांड्या धरल्या गेल्या होत्या. म्हणून यंदाचा नियम असा, की ज्यानं त्यानं आपल्या स्टुडिओत आपला फोटो आपणच काढायचा, मागं स्टुडिओ दिसला पाहिजे, कॉम्प्युटरवर कारागिरी चालणार नाही. ग्रुपवर ज्याला जास्त मतं, तो मोठा.

बाकी कुणीही मोठं झालं असतं तरी संपतची हरकत नव्हती. पण दोन्ही तालुक्यांच्या एसट्या जातात त्या फाट्यावर नवनाथ सोफ्यावर रेललेला, आणि आपण त्याच्या बुटांखाली गोलात, हे चित्र त्याला जेवतानासुद्धा दिसायला लागलं. भाकरी ताटातच राहायला लागली.

त्याची मेहुणी नीलम रांजणगावात फ्लॅट विकणाऱ्या एजंटाकडं कामाला आहे. दीड खोलीचा फ्लॅट जिच्यामुळं बंगल्याएवढा दिसतो, अशी एक वाइड लेन्स तिच्याकडं असते. संपतनं ती रविवारापुरती मागून आणली.

गिरणी बंद झाल्यावर काम सुरू झालं. आधी त्यानं कॅमेरा जवळ ठेवला. फोटोत पुढं नाक आलं आणि त्याच्या मागनं सवडीनं संपत आला. मग तो कडेला सरकला, तर एक खांदा ताणून पार पाबळच्या दिशेनं निघालेला. शेवटी त्यानं कॅमेरा कोपऱ्यातल्या कपाटावर चढवला आणि स्वतः समोरच्या भिंतीला टेकायचं ठरवलं. पण टायमर लावून कपाटावरून उतरायचं, स्टूल ओलांडायचं आणि लाइटच्या छत्रीच्या दांड्याखालून वाकून भिंत गाठायची, एवढ्यात क्लिक होऊन जाई आणि फोटोत त्याची पाठ येई. पाठीचे पुष्कळ फोटो निघाल्यावर एकदाचं तोंड मिळालं.

फोटो बघून तो स्वतःच दबला. फरशी लांबच्या लांब गेलेली, भिंती एकमेकींपासून फटकून उभ्या. चहा घेऊन आलेल्या सारिकानं डोकं पुढं केलं.

"खोली झ्याक आली," ती म्हणाली. "पण तुम्ही कुठं हाय?"

संपतनं पार पलीकडच्या भिंतीवर बोट ठेवलं. पासपोर्टच्या गिऱ्हाइकांसाठीचा काळा कोट घालून तो तिथं उभा होता.

"व्हय की. मला वाटलं, नुसता कोट टांगलाय."

संपतनं फोटो तसाच पाठवला. नवनाथच्या सोफ्याला उत्तर द्यायचं होतं ते खोलीनं, तोंडानं नव्हे. आणि सगळ्यात जास्त मतं त्यालाच पडली.

फ्लेक्स लागला तेव्हा तो सारिकाला गाडीवर मागं बसवून न्हावऱ्याला गेला. वर भलाथोरला हॉल, त्याच्या टोकाला बोटाएवढा संपत. खाली गोलात नवनाथ, टवटवीत, चेहरा संपतच्या चौपट. फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या संपतला कुणी ओळखलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन मात्र सुरू झाले. हॉल साखरपुड्याला मिळंल का, खुर्च्या किती बसतात, आचारी आपला आणायचा का.

आणि एका दुपारी दौंडवरून नवनाथ आला. गाडी लावली ती थेट दारासमोर न लावता चहाच्या टपरीपाशी. चेहरा ओढलेला. म्हणाला, कामानं चाललो होतो, म्हटलं दादांचं नवं काम बघावं. तळेगाव त्याच्या कुठल्याच कामाच्या वाटेवर नव्हतं.

संपतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, आत रंगकाम चाललंय म्हणून सांगितलं आणि नवनाथला टपरीवर भजी खायला बसवलं. नवनाथ भजी नुसती मोडत होता. भिंत पाडली का, वरचा मजला घेतला का, असं त्यानं फिरवून फिरवून विचारलं. वाइड लेन्सनं काय होतं ते याला कळत नाही असं नव्हतं. ते त्याला संपतनंच शिकवलं होतं. पण पोटात दुखत असलं की शिकलेलं आठवत नाही, हे संपतइतकं कुणाला माहीत होतं?

नवनाथच्या ताटलीतला तो चुरा बघून संपतला आपली ताटात राहिलेली भाकरी आठवली. तो उठला आणि शटर वर केलं.

आधी नवनाथ आत गेला, मग त्याला वळून उभं राहायला जागा व्हावी म्हणून संपत बाहेर आला. नवनाथनं हात पसरले, तर दोन्हीकडच्या भिंती हाताला लागल्या. मग गिरणी सुरू झाली, भिंत थरथरली, आणि नवनाथ स्टुलावर बसून पोट धरून हसायला लागला.

"दादा," तो डोळे पुसत म्हणाला, "आठ दिस झोप न्हाई मला."

"आज लागंल," संपत म्हणाला.

मग नवनाथनं आणखी एक प्लेट भजी मागवली आणि सगळी खाल्ली. गाडीला किक मारताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की लेन्स कुणाची होती.

संपतनं गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. झोप दिली होती तेवढी बास.